अवघडपणाचे मोल कोणी द्यायचे?

इ. स. 1139 साली रोमच्या लॅटरन राजवाड्यात भरलेल्या धर्मपरिषदेने एक ठराव केला : ख्रिस्ती माणसावर कोणी धनुष्य वा क्रॉसबो चालवू नये. क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवे बसवलेले आणि चाप ओढून सोडायचे धनुष्य. ही विद्या प्राणघातकी आणि देवाला अप्रिय, असे परिषदेचे म्हणणे. (बिगरख्रिस्ती माणसांबाबत देवाचे मत विचारलेले दिसत नाही.) चिलखतातल्या सरदाराला चार दिवस शिकलेला शेतकरी दुरून लोळवू शकतो, हा त्या शस्त्राचा खरा अपराध असावा. आज जवळजवळ नऊशे वर्षांनी त्याच शस्त्राची ख्याती उलटी झाली आहे. रायफलीने शिकार करणारी माणसे 'आता जनावरालाही संधी द्यावी' म्हणून क्रॉसबो हाती घेतात. शस्त्र तेच, ते क्रूर की उदार, हे त्याच्या शेजारी दुसरे कोणते शस्त्र उभे आहे यावर ठरते!

हा विषय डोक्यात येण्याचे कारण घरचे आहे. माझा भाचा उधन्यात वाढला आणि आता अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो. तिथे परवाना काढून हरणाची शिकार करणे ही रीतसर गोष्ट आहे. लांडगे तिकडून केव्हाच नाहीसे झाले, हरणे शेते खातात, रस्त्यावर मोटारींना धडकतात, आणि मारलेले हरीण घरोघर शिजते. भाच्याने इतकी वर्षे रायफल चालवली. यंदा त्याने क्रॉसबो घेतली. रायफलीचा हंगाम जेमतेम दोन आठवड्यांचा, धनुष्याचा त्याहून पुष्कळ लांब. हे एक व्यावहारिक कारण. पण फोनवर तो म्हणाला, "मामा, रायफलीनं फार सोपं होतं हो. दोनशे यार्डांवरून मारायचं, त्यात कसला पुरुषार्थ? थोडं अवघड करून घ्यावं म्हणतो. तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटते ते त्याला फोनवर सांगता आले नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे हा प्रश्न कायद्याने मिटवला आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही काही जनावरांसाठी परवाने होते. 1991 च्या दुरुस्तीने तेही संपले. त्या कायद्यात रायफल, तीरकामठा, फासा असा भेद नाही. जनावर जखमी करणे किंवा तसा नुसता प्रयत्न करणे हीदेखील शिकारच. तेव्हा इकडच्या कोणा हौशी वाचकाने यातून काही शिकायचे नाही.

आता तिकडचा हिशेब. मी गणिताचा मास्तर होतो, त्यामुळे प्रश्न आधी आकड्यांत मांडल्याशिवाय मला तो दिसत नाही. चांगल्या क्रॉसबोचा बाण सेकंदाला साधारण 350 फूट जातो. हरीण 40 यार्डांवर, म्हणजे 120 फुटांवर उभे आहे असे धरा. बाणाला तिथे पोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो आणि तेवढ्यात तो जवळजवळ दोन फूट खाली येतो. पण दोरी सुटल्याचा आवाज सेकंदाला अकराशे फुटांहून अधिक वेगाने धावतो. तो सेकंदाच्या नवव्या हिश्शात हरणाच्या कानी पडतो. म्हणजे बाण येण्याआधी हरणाला पाव सेकंदाहून किंचित कमी वेळ मिळतो. दचकलेले हरीण उडी घेण्यासाठी आधी खाली दबते. काळजावर नेम धरलेला बाण मग पाठीत, वरच्या मांसात घुसतो. हरीण पळते. मरत नाही, जगतही नाही.

रायफलीची गोळी हेच अंतर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत कापते. ती आवाजाच्या पुढे धावते. हरणाला ऐकायला काही उरतच नाही.

रायफलवाल्याला क्रॉसबो फसवते ती इथेच. दस्ता तसाच, चाप तसाच, वर दुर्बीणही तशीच. हाताला वाटते, ही तर आपलीच जुनी सखी. पण गोळी धक्क्याने पाडते आणि बाणाचे पाते रक्तस्राव करून मारते, म्हणून पाते वस्तऱ्यासारखे हवे आणि बाण लागल्यावर लगेच मागे धावायचे नाही. अर्धा तास, बाण पोटात लागला असेल तर कित्येक तास, थांबायचे. बहुतेक क्रॉसबोंची ओढलेली दोरी बंदुकीसारखी हळूच उतरवता येत नाही. बाण मातीच्या ढिगात सोडूनच ती मोकळी करायची. बाण न लावता चाप ओढला तर धनुष्य फुटते, आणि अंगठा दोरीच्या वाटेत राहिला तर अंगठा जातो. (एकलव्याला निदान गुरू तरी मागायला आला होता.) हे सगळे शिकता येते. पण तो पाव सेकंद कुठल्याही सरावाने नाहीसा होत नाही. तो कमी करायचा एकच मार्ग, जवळ जाणे. अंतर 20 यार्डांवर आणले की हरणाला मिळणारा वेळ निम्मा होतो आणि बाणाची घसरण सहा इंचांच्या आत येते.

म्हणून 'अवघड करून घ्यावं' या शब्दांपाशी मी अडलो. अवघड कोणासाठी? नेम चुकला तर शिकाऱ्याचा एक दिवस वाया जातो. नेम अर्धा चुकला तर त्याचे मोल हरीण देते, झुडपात पडून, दोन-दोन दिवस. आपण घेतलेल्या व्रताचे उपास दुसऱ्याने करावेत, असला हा प्रकार.

मी ज्या शहरात राहतो त्याला हा प्रकार नवा नाही. 1689 मध्ये जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री सुरतेला आला. 1696 साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने इथल्या जनावरांच्या इस्पितळाचे मोठ्या नवलाने वर्णन केले आहे. म्हाताऱ्या गाई, घोडे, कुत्री यांची सोय होतीच. पण ढेकूण-पिसवांनाही जागा होती, आणि त्यांना रक्त मिळावे म्हणून एखाद्या गरिबाला पैसे देऊन तिथे रात्रभर निजवीत. दया शेठजींची, रक्त त्या गरिबाचे. पांजरापोळीबद्दल मला आदर आहे. या एका खाटेबद्दल नाही.

भाच्याची बाजूही मांडली पाहिजे. स्पॅनिश विचारवंत ओर्तेगा इ गासेत याने 1942 साली शिकारीवर एक दीर्घ निबंध लिहिला. माणसाने आपली ताकद मुद्दाम आवरून धरली नाही तर शिकार उरत नाही, नुसता संहार होतो, असा त्याचा आशय. हे खरेच आहे. पण आवरून धरायचे काय? माझ्या मते हात नव्हे, मोह आवरायचा. आपल्या महाभारतात पांडू राजाने मृगरूपातल्या किंदम ऋषीला बाण मारला, तेव्हा मरता मरता तो ऋषी मृगयेचाच निषेध करीत नाही. राजे मृग मारतात, हे त्याला मान्य आहे. त्याची तक्रार एवढीच, की मी मैथुनात होतो आणि तू थांबला नाहीस. दशरथाची गोष्टही तशीच. शब्दवेधाची कला अवघड खरी, पण न पाहता बाण सोडला आणि श्रवण गेला. दोन्हीकडे शस्त्र धनुष्यच होते!

सुरतेहून आग्नेयेला डांगाकडे निघाले की धनुष्य हा हौसेचा विषय राहत नाही. तीरकामठा भिल्लाने जनावराला संधी द्यावी म्हणून निवडला नव्हता. बांबू रानात होता आणि बंदूक साहेबाकडे होती. 1825 मध्ये जेम्स औट्रमने खानदेशात भिल्ल पलटण उभारली, तेव्हा त्याने या लोकांचा विश्वास मिळवला तो बराचसा त्यांच्यासोबत वाघाच्या मागे हिंडून. पुढे याच साहेबी जगाने 'खिलाडू' शिकारीचे नियम केले. मचाणाखाली रेडा बांधून वाघ मारणे खिलाडू. आणि पोटासाठी फासा लावणारा आदिवासी तेवढा क्रूर. नियम करणारा नेहमी भरल्या पोटी असतो.

माझे वडील नवापूरकडे जंगल-ठेकेदाराचे मुनीम होते. (रेल्वेचे नवापूर स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत, रानडुकरांना मात्र ही माहिती कोणी दिली नव्हती.) त्यांच्याकडे परवान्याची दुनळी होती. 1960 नंतरच्या त्या वर्षांत मी कंदील घेऊन मागे जात असे. बरोबरचा माग काढणारा भिल्ल दहा-पंधरा पावलांपलीकडे तीर सोडत नसे. मी एकदा कारण विचारले. तो म्हणाला, तीर हरवतो. बाकी काही तत्त्वज्ञान नव्हते. पण जखमी डुक्कर रानात शिरले, तेव्हा वडील आणि तो रात्रभर त्याच्या मागावर होते. सकाळी ते सापडल्यावरच दोघांनी भाकर सोडली.

भाच्याला मी शेवटी एवढेच विचारले : किती अंतराच्या पुढे बाण सोडायचा नाही, हे ठरवले आहेस का? आणि हरीण शेजाऱ्याच्या हद्दीत पळाले तर? पहिल्याचे उत्तर त्याच्याकडे तयार होते, 25 यार्ड. दुसऱ्यासाठी त्याने आठ दिवस मागितले. मग फोन आला. तो चारही शेजाऱ्यांकडे जाऊन, जखमी जनावराच्या मागे तुमच्या रानात यायची परवानगी द्याल का, असे विचारून आला होता. तिघे हो म्हणाले. चौथ्याने नकार दिला. त्याच्या कुंपणाच्या बाजूचे मचाण भाच्याने काढून टाकले आहे.