राखणाऱ्यांची आठवण



एखादा निवृत्त फिटर किंवा वायरमन देवाघरी गेला की शोकसभेत बोलणाऱ्याची पंचाईत होते. काय सांगावे? त्याने संस्था काढली नाही, निवडणूक जिंकली नाही. पंप बंद पडला नाही, तार जळली नाही, हेच त्याच्या कामाचे यश. जे घडलेच नाही, त्याची आठवण कशी ठेवायची?

आपल्या नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. आग विझवणारे पाण्याचे फवारे आणि हवेत ओलावा राखणारी यंत्रे त्यांनी तिथे बसवली. टाटांचे नाव इतिहासात आहे, ते योग्यच. पण त्या यंत्रांना तेलपाणी करणारे हात कुणाचे होते? यंत्र एकदाच बसवले जाते. राखावे मात्र रोज लागते.

संसाराचेही तसेच. लग्न एका दिवसाचे, घर चालवणे चाळीस वर्षांचे. ड्युटीवरून येऊन मुलांची सायकल नीट करणारा बाप कौतुक मागत नाही. शुभवर्तमानात संत योसेफाचा एकही शब्द नाही. तरीही पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा श्रमिक संत योसेफाचा सण ठरवला.

म्हणून अशा माणसाने काय मिळवले हे मोजू नये. त्याच्यामुळे काय टिकले ते पाहावे. घरी असे बाबा किंवा आजोबा असतील, तर आज जेवताना विचारा, "तुम्ही ड्युटीवर नेमके काय करत होता?" आणि ऐकायला वेळ ठेवा.