अडीच तासांची रेघ

पॅरिस ते ल्यों, सरळ रेषेत सुमारे ३९० किलोमीटर. विमानाला साधारण तासभर लागतो, टीजीव्ही रेल्वेला दोन तास. पण विमानतळ गाठणं, सुरक्षा तपासणी, बोर्डिंग हे सगळं धरा. वाचलेला तास तिथेच संपतो.

२०२३ मध्ये फ्रान्सने नियमच लागू केला : रेल्वेने अडीच तासांत पोचता येत असेल, तर तिथे विमान नको. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून ल्यों, नांत आणि बोर्दोला जाणारी विमानं त्यात बसली.

माझा तास कसा घालवायचा हे सरकारने का ठरवावं? प्रश्न रास्त आहे. पण माझा तास वाचवताना निघालेला धूर माझ्या एकट्याच्या वाट्याला येत नाही. त्यामुळे ‘माझा वेळ, माझी मर्जी’ हे मला तोकडं वाटतं.

पण मग अडीचच तास का? चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १५० नागरिकांच्या सभेने चार तास सुचवले होते. पॅरिसहून मार्सेयला रेल्वेने तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून तिथलं विमान सुरूच राहिलं. चार तासांची रेघ असती तर तेही गेलं असतं.

तेही एक वेळ समजून घेईन. खटकतं ते वेगळंच. बंदी फक्त नियमित प्रवासी विमानांना आहे, खासगी जेटना नाही. म्हणजे कंपनीच्या सेल्समनने रेल्वेने जायचं आणि मालकाने त्याच शहरांमध्ये उडत जायचं. मी स्वतः रेल्वेच निवडेन. पण त्या सेल्समनला ‘सगळ्यांच्या भल्यासाठी’ म्हणून हे कोणत्या तोंडाने सांगू?