पित्ताखेरीज काय?

आमच्या आईच्या कोशात दुखण्याला एकच शब्द आहे : पित्त. घरात कुणी शिंकले, की ती सुंठेचा काढा घेऊन हजर. स्वतःच्या दुखण्याची मात्र पित्तावर बोळवण.

एका दिवाळीच्या तोंडावर चकल्या पाडता पाडता तिने सोऱ्या खाली ठेवला आणि भिंतीला टेकली. "जबडा ठणकतोय रे. दमही लागतोय. पित्तच असेल." कपाळावर घाम होता, पण शेगडीपाशी घाम यायचाच! मी आमसुलाचा तुकडा दिला आणि आकाशकंदील चिकटवायला निघून गेलो. पहाटे तिला इस्पितळात न्यावे लागले. हृदयविकाराचा झटका होता. सुदैवाने ती वाचली.

डॉक्टरांनी विचारले, "कधीपासून होतंय?" आई म्हणाली, "आठ दिवस झाले." आम्ही सारे एकमेकांकडे पाहत राहिलो.

वैद्यकात लक्षण आणि चिन्ह असा भेद करतात. रोग्याला जाणवते ते लक्षण. तपासणाऱ्याला आढळते ते चिन्ह. 1816 साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टराने कागदाची सुरळी छातीवर टेकवून हृदयाचे ठोके ऐकले, आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. पण वेदना ऐकू येईल अशी नळी अजून निघालेली नाही. ती रोग्यानेच सांगावी लागते. वाग्भटाने रोगी तपासण्याचे तीन मार्ग सांगितले : पाहणे, स्पर्श करणे आणि विचारणे. तिसऱ्याला उपकरण लागत नाही, सवड लागते.

मग दोष कुणाचा? न सांगणाऱ्याचा, की न विचारणाऱ्याचा? पुष्कळ दिवस मी तो आईच्या पदरात घालीत होतो. हृदयविकारात छातीतली कळच आपल्याला ठाऊक. पण जबडा वा पाठ दुखणे, धाप, मळमळ, अतोनात थकवा हीही त्याचीच लक्षणे असू शकतात, आणि स्त्रियांत ती अधिक आढळतात, हे मला कुठे माहीत होते?

परंतु अज्ञानाची ही सबब पुरी पडत नाही. आठ दिवस ती गप्प होती हे खरे. पण त्या संध्याकाळी तिने सांगितले होते. जबडा सांगितला, दम सांगितला. घाम तर मला दिसतच होता. त्या साऱ्यातून मी 'पित्त' तेवढे उचलले, कारण त्या एका शब्दाने मला कंदिलाकडे परत जाता येत होते.

आणि ते आठ दिवस? तेव्हा आम्ही तिला विचारीत नव्हतो असे नाही. "बरी आहेस ना?" असे रोज विचारीत होतो. त्या 'ना'मध्ये आम्हांला हवे ते उत्तर आधीच बांधून ठेवलेले होते. तिने ते निमूटपणे दिले.

आता मी "काय होतंय?" असे विचारतो. ती म्हणते, "पित्त." मग मी पाट ओढून तिच्याजवळ बसतो आणि म्हणतो, "आणि पित्ताखेरीज?"