अर्धं तिकीट, अख्खा दिवस

ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट, मार्च २०२३ पासून समस्त बायकांना अर्धं तिकीट. तेव्हा संभाजीनगरहून वेरूळकडे निघालेल्या गाडीत खिडकीशी एकटीच बसलेली आजी दिसली, तर नवल कसलं?

ती वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी उतरते. इथे समुद्र नाही, पण पंधराव्या शतकातला चांदमिनार दीपगृहासारखा लांबूनच खुणावतो.

आजी महाकोट या तटबंदीच्या दारावरचे अणकुचीदार खिळे हाताने चाचपते. ते हत्तींना अडवायला ठोकलेले. पुढे चिनी महालाजवळ मेंढा तोफ. तिच्या मागच्या टोकाला चक्क मेंढ्याचं डोकं! मग खंदक आणि अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट: उंचसखल पायऱ्या, वटवाघळांचा उग्र वास. गुडघे कुरकुरले तर ती इथूनच मागे फिरते. वरची बारादरी कुठे पळून जात नाही.

सीताफळांचा हंगाम असेल, तर फाट्यावर घासाघीस करायलाही वेळ हवाच.