मरुभूमीतील वाट आणि नामदेवरायांची विहीर

॥ रामकृष्णहरि ॥

संतसज्जनहो, मृगजळाचा दृष्टांत ठाऊक नाही असा वारकरी विरळा. पण दृष्टांत कानांनी ऐकणे निराळे आणि तहानेल्या जिवाने त्याच्या समोर उभे राहणे निराळे. ज्ञानोबाराय आणि नामदेवराय तीर्थयात्रेत ज्या मरुभूमीतून चालले, ती मरुभूमी पाहिल्यावाचून त्या विहिरीच्या कथेचे मर्म पुरते उकलत नाही.

२०१८ च्या भाद्रपदात कोलायताचे दर्शन घेऊन आम्ही पुढे गेलो आणि रामदेवऱ्याच्या पदयात्रेकरूंबरोबर एक दिवस चाललो. रामदेवरा हे पोखरणच्या उत्तरेस, जेसलमेर जिल्ह्यात. तिथे रामदेव बाबांची समाधी आहे. हिंदू त्यांना बाबा म्हणतात, मुसलमान रामसा पीर म्हणतात. भाद्रपद शुद्ध द्वितीयेपासून मोठी यात्रा भरते. राजस्थान-गुजरातेतून माणसे दिवसच्या दिवस पायी येतात. हाती ध्वजा, खांद्यावर कापडाचा घोडा, मुखी बाबांचा जयजयकार. आपल्या दिंडीचेच भावंड म्हणा ना!

फलोदीहून पहाटे अंधारातच निघालो. याच फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश उष्णता नोंदली गेली. भाद्रपदात तेवढी नसते, तरी दहा वाजता वाळू तापली आणि बोलणी थांबली. दोहो बाजूंस रुई, केर, मधूनच एखादी खेजडी, म्हणजे आपली शमी. दुपारी समोर लखलखीत तळे दिसू लागले. जवळ जावे तों ते पुढे सरके. बरोबरचे मारवाडी वृद्ध तिकडे ढुंकूनही पाहीनात. ते म्हणाले, "महाराज, जे पळते ते पाणी नव्हे. पाणी एका जागी बसलेले असते." काय हो हे वाक्य! विषय पळतात, भगवंत विटेवर उभा आहे.

तिथले लोक पाण्याचे तीन प्रकार मानतात. पालर म्हणजे आभाळातून पडलेले; ते टाक्यात साठवतात. पाताल म्हणजे खोल विहिरीचे. आणि रेजाणी म्हणजे वाळूच्या पोटात अडकलेला ओलावा. खाली खडीचा थर असला की पावसाचे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही, वरच्या वाळूत दडून राहते. तिथे अरुंद कुंई खणतात. थेंब थेंब झिरपून दिवसाकाठी दोन-तीन घडे गोडे पाणी मिळते. अनुपम मिश्रांनी १९९५ च्या 'राजस्थान की रजत बूँदें' या ग्रंथात याचे फार सुंदर वर्णन केले आहे. साधकाने हे मनात धरावे. कृपा वरून येते, प्रयत्नाने खोलातून काढावी लागते, आणि काही ओलावा संतांनी आपल्या अंतःकरणात आधीच साठवून ठेवलेला असतो. त्यावर अहंकाराचा खारेपणा चढू देऊ नये, एवढेच आपले काम.

तिसऱ्या प्रहरी एका ढाणीवर, म्हणजे चार घरांच्या वस्तीवर, थांबलो. एका माईने टाक्याचे कुलूप काढले. ज्या पाण्याला कुलूप लावावे लागते, ते तिने आम्हां परक्यांना लोटा लोटा दिले. घरच्या नातवाने हात पुढे केला, तेव्हा म्हणाली, "आधी वाटसरू, मग आपण."

आता विहिरीची कथा पाहा. मारवाडात दोघांस तहान लागली. वारकरी परंपरा ती जागा बिकानेरजवळचे कोलायत मानते. विहीर अतिखोल, दोर नाही, भांडे नाही. ज्ञानोबाराय लघिमा सिद्धीने आत उतरले, पाणी प्याले, आणि नामदेवांसाठी आणतो म्हणाले. नामदेवांनी विठ्ठलाला आळवले. विहीर उसळली आणि काठावरून वाहू लागली.

येथे कोणी शंका घेईल की, यात ज्ञान हरले आणि भक्ती जिंकली काय? तसे मुळीच नाही. ज्ञानोबारायांनीच तर नामदेवांना आग्रहाने यात्रेस नेले, आणि ते पाणी पाहून सर्वांत अधिक आनंद त्यांनाच झाला. मर्म निराळे आहे. सिद्धीने आत उतरणाऱ्याची तहान भागते. आळवणीने वर आलेले पाणी मात्र एकट्या नामदेवांचे राहिले नाही. ते वाटसरूचे झाले, गुराढोरांचे झाले, पाखरांचे झाले. हाक एकाची, पाणी सर्वांचे, हीच भक्तीची खूण.

आता स्वतःकडे पाहू. आषाढीच्या वाटेवर टँकर आला की धडधाकट पुढे घुसतात आणि म्हातारी माउली रिकामी तांब्या घेऊन मागे उभी राहते. अर्धी प्यालेली बाटली रस्त्यात पडते. मुखी माउलीचे नाव आणि ढोपर माउलीच्या बरगडीत! बाबांनो, ही वारी नव्हे. हे पळणारे तळे आहे. दिसते पाणी, ओठाला लागत नाही.

गीतेत भगवान पाण्यातील रस तो मीच, असे सांगतात. मग पाणी वाटणे ही पूजाच नव्हे काय? यंदा प्रत्येक दिंडीने एवढाच नेम धरावा : आपल्या मागच्याने प्याल्यावाचून तांब्या तोंडाला लावायचा नाही. मारवाडातली ती माई पंढरीस कधी आली नसेल, पण हा नेम ती रोज पाळते. आपण तर माळकरी!

॥ रामकृष्णहरि ॥