पुण्यकोटीची शाळा

म्हैसूरच्या अग्रहारात शास्त्रपठणाची परंपरा जुनी आहे. ‘अग्रहार’ म्हणजे विद्वानांना निर्वाहासाठी दान दिलेली वसती. परंतु अशा वसतीतील बालकाच्या कानी धर्मविचार प्रथम पडतो तो सूत्रभाष्यांतून नव्हे, तर ‘गोविन हाडु’ या कन्नड कथागीतातून. कर्त्याचे नाव अज्ञात असलेले हे गाईचे गाणे कर्नाटकातील प्राथमिक शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जात आहे.

कथा साधी आहे. काळिंग गवळ्याची पुण्यकोटी ही गाय अर्बुत नावाच्या भुकेल्या वाघाच्या तावडीत सापडते. वासराला पाजून परत येईन, असे वचन देऊन ती घरी जाते, वासराचा निरोप घेते आणि खरोखरच परतते. ते सत्य पाहून वाघाला पश्चात्ताप होतो व तो स्वतःच देहत्याग करतो.

येथे शिक्षकापुढे एक प्रश्न उभा राहतो. सहा-सात वर्षांच्या मुलांना हा शेवट सांगावा काय? वाघाने गाईला सोडून दिले एवढेच सांगितले तर काय बिघडले? गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगताना उद्वेग न करणे हे लक्षण आरंभीच आले आहे, असाही आधार कोणी देईल. परंतु त्याच ठिकाणी सत्य, प्रिय आणि हितकर हीही लक्षणे सांगितली आहेत. चारही एकत्र नांदली तरच ते तप होय. एकासाठी दुसऱ्याचा बळी देण्याची मुभा तेथे नाही.

मग उद्वेग कसा टाळावा? याचे उत्तर पुण्यकोटीनेच दिले आहे. वासराला न सांगता निघून जाणे तिला सोपे होते. तिने तसे केले नाही. आपण कोठे जात आहोत हे तिने सांगितले आणि त्याच वेळी पोरके होणारे वासरू इतर गाईंच्या स्वाधीन केले. बालकापासून सत्य लपवू नये, पण त्याला त्या सत्यापाशी एकटेही सोडू नये, हा तिचा पाठ आहे.

वाघाविषयी मुले हटकून विचारतात : भूक लागणे हा त्याचा अपराध होता काय? हा प्रश्न दडपू नये. पद्मपुराणातील नंदा गाईच्या कथेत वाघ हा शापित प्रभंजन राजा आहे. पाडसाला पाजणाऱ्या हरिणीला त्याने बाण मारला होता. नंदेची भेट होताच तो शापमुक्त होतो. एका कथेत मरण, दुसरीत मुक्ती. शिक्षकाने दोन्ही सांगाव्यात. देहत्याग हे अनुकरणीय कर्म नव्हे, तर पालटलेल्या हृदयाचे कवीने काढलेले चित्र आहे, हेही स्पष्ट करावे. गाईच्या सत्याने वाघाची भूक शमली नाही. त्याची दृष्टी मात्र बदलली. एवढे मुलाला उमगले तरी पुरे.

एक गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात नसते. श्रेष्ठ जे आचरतो तेच इतर लोक करतात, असे भगवंतांनी तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे. “उरलेली गोष्ट उद्या सांगेन” असे म्हणून शिक्षक वर्गाबाहेर पडतो, तेव्हा त्यानेही वचन दिलेले असते. दुसऱ्या दिवशी तो ते विसरला, तर गीत पाठ होईल. पुण्यकोटी मात्र शिकविली जाणार नाही. मुले वाट पाहत असतात. तेथे परतून जाणे, हाच या काव्याचा खरा अर्थ होय.