यजमानाचे ऋण

आमच्या सदलग्यात लग्नाचा मांडव नारळाच्या झावळ्यांचा घालीत, तेव्हा वडील एका खांबाशी पाण्याने भरलेले पिंप ठेववीत. चुलाण वाऱ्याची दिशा पाहून मांडवापासून दूर खणले जाई. पाहुण्यांना वाटे, पिंप हातपाय धुण्यासाठी आहे. वडिलांचे म्हणणे एवढेच, की झावळी पहिल्या दिवशी हिरवी असते, चौथ्या दिवशी ती सरपण होते. नाताळच्या झाडाचेही तसेच. ताजे, पाण्यात उभे केलेले झाड सहसा पेट घेत नाही. तेच सुकले की काही क्षणांत मशाल होते.

तैत्तिरीय उपनिषदाने अतिथीला देव मानावयास सांगितले. परंतु आग लागल्यावर या देवाचे काय करावयाचे, हा प्रश्न आपल्या शतकाचा आहे.

नाताळ आणि नववर्ष यांच्या मधल्या दिवसांत, २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर, मुंबईच्या कमला मिल आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली. १४ जणांचा बळी गेला. त्यांतील अनेक जण स्वच्छतागृहात गुदमरले. पाहुण्यांना वाट न दाखवता कर्मचारी पळाले, असा आरोप झाला. तो वाचून आम्हीही संतापलो होतो. मागाहून मनात आले, तुटपुंज्या पगारावर ताटे उचलणाऱ्या पोराने परक्यासाठी जळावे, हे आम्ही कोणत्या अधिकाराने म्हणतो?

२००८ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातील सेवकांनी मात्र जिवावर उदार होऊन पाहुण्यांना बाहेर काढले. त्यांतील काहींनी प्राण गमावले. त्यांच्यापुढे मान लवते. पण असे शौर्य नेमणूकपत्रात लिहून घेता येत नाही. उघडा दरवाजा मात्र मागता येतो, आणि तो नोकराकडे नव्हे, मालकाकडे. गोव्यात हडफडे येथील नाइट क्लबला ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री आग लागून २५ जण गेले. त्यांत बहुतेक कर्मचारीच होते. तेथे सेवकाने पाहुण्याला सोडले की नाही, हा प्रश्नच उरला नाही. मालक काही तासांतच थायलंडला निघून गेले होते. पुढे त्यांना तेथून परत पाठवण्यात आले.

हे लिहिताना आमचा हात थोडा अडखळतो. सरकारी नोकरीत असताना एका तालुक्याच्या गावी लॉजला आग लागली आणि पहाटे आम्ही पंचनाम्यास गेलो. सुदैवाने जीवितहानी नव्हती. प्रवासी अंगावरच्या कपड्यांनिशी, अनवाणी रस्त्यावर उभे होते. मालक उरलेले भाडे घेतल्याशिवाय सामान देईना. समोरच्या चहावाल्याने सर्वांना चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत. आम्ही मालकास चार शब्द सुनावले, सामान सोडविले. मग मागचा जिना पाहिला. तो जुन्या गाद्यांनी छतापर्यंत भरलेला होता. त्या लॉजच्या परवान्याच्या नूतनीकरणावर वर्षभरापूर्वी शेरा आमचाच होता, आणि जागा पाहण्यास आम्ही गेलो नव्हतो.

पंचनाम्यात जळालेल्या खाटांची संख्या नोंदविली. जिन्याविषयी एक ओळ लिहिली. शेऱ्याविषयी काही लिहिले नाही, आणि कोणी विचारलेही नाही.